दोन कार्बोरेटरचं ट्यूनिंग आणि सिंक: एअर-कूल्ड गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

फोक्सवॅगनची बीटल, तिच्या भावंडांतल्या टाइप २ आणि टाइप ३, जुन्या पोर्शे ३५६ आणि ९१२ अशा हवेवर थंड होणाऱ्या, आडव्या सिलिंडरांच्या इंजिनांवर दोन कार्बोरेटर असले की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. खालची उत्तरं मुख्यतः फोक्सवॅगनच्या टाइप १, म्हणजे बीटलच्या इंजिनाला धरून आहेत. वेबर आयडीएफ आणि डेलॉर्टो डीआरएलए हे दोन बॅरलचे (बॅरल म्हणजे हवा आत जाण्याची उभी वाट) कार्बोरेटर, म्हणजे कार्ब, तसेच सोलेक्स आणि कॅड्रॉन हे एक बॅरलचे कार्ब, दोन्हींचा विचार केला आहे. तुमच्या कार्बच्या कंपनीने दिलेला आकडा इथल्या आकड्यापेक्षा वेगळा असेल, तर कंपनीचा आकडा खरा माना.

एक कार्ब चालतो, मग दोन कशासाठी?

या इंजिनाची दोन हेड एकमेकांपासून लांब, दोन टोकांना असतात. मध्ये एकच कार्ब बसवला की पेट्रोल-हवेच्या मिश्रणाला लांब नळीतून जावं लागतं. नळी थंड असली की पेट्रोल तिच्या भिंतीवर साचतं, म्हणूनच मूळ मॅनिफोल्डला सायलेन्सरकडून गरम वायूची नळी दिलेली असते. दोन कार्ब थेट हेडवर बसवले की ही वाट वीतभर होते, इंजिन मोकळा श्वास घेतं आणि वरच्या फेऱ्यांना (आरपीएम) ताकद वाढते. हे काही फक्त हौशी लोकांचं खूळ नव्हे. टाइप ३ ची १५०० एस ही गाडी १९६३ मध्ये कारखान्यातूनच दोन सोलेक्स घेऊन आली, १९६० ची शेव्हरोले कॉर्व्हेअरही दोन कार्बवर होती, आणि १९७२ च्या १७०० सीसी टाइप २ ला दोन सोलेक्स ३४ पीडीएसआयटी होते.

किंमत एकच मोजावी लागते. एका इंजिनात आता दोन अर्धी इंजिनं आहेत आणि ती एकमेकांशी जुळवून ठेवणं हे तुमचं काम आहे.

‘सिंक’ म्हणजे नेमकं काय जुळवायचं?

हवा. फक्त हवा. दोन्ही बाजूंच्या थ्रॉटलच्या, म्हणजे हवा अडवणाऱ्या झडपेच्या चकत्या आयडलला (पेडल न दाबता इंजिन चालतं तेव्हा) सारख्याच उघड्या हव्यात आणि पेडल दाबल्यावर त्या एकाच क्षणी, एकाच वेगाने उघडायला हव्यात. पेट्रोलचं प्रमाण म्हणजे मिक्श्चर, हा त्यानंतरचा आणि वेगळा विषय. बहुतेक घोटाळे ही दोन कामं एकत्र केल्यामुळे होतात. डाव्या बाजूला हवा कमी जाते आहे, पण ते लक्षात न आल्यामुळे मिक्श्चरचा स्क्रू फिरवत बसायचं. मग डावी बाजू कायमची चुकीच्या प्रमाणावर चालते आणि गाडी कधीच नीट आयडलला बसत नाही. आधी हवा, मग पेट्रोल, शेवटी लिंकेज, म्हणजे पेडलपासून दोन्ही थ्रॉटलना जोडणारे रॉड. हा क्रम मोडू नका.

कार्बला हात लावण्याआधी काय काय तपासायचं?

‘कार्ब बिघडलाय’ म्हणून आलेल्या गाड्यांत दोष बऱ्याचदा दुसरीकडेच सापडतो, म्हणून हा भाग मनापासून करा.

इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेट लावा, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवा. बहुतेक टाइप १ इंजिनांना इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हींना ०.१५ मिमी गॅप लागते. क्रोमोलीचे पुशरॉड असतील तर ते मूळ अॅल्युमिनियमच्या रॉडसारखे इंजिनाबरोबर वाढत नाहीत, तिथे गॅप वेगळी ठेवतात. ज्याने रॉड बनवले त्याचा आकडा घ्या. एकही टॅपेट टाइट राहिला तर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडतं आणि कितीही कौशल्याने सिंक केलं तरी आयडल थरथरतंच.

मग डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट. गॅप ०.४ मिमी, आणि ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते दाखवणारा) असेल तर साधारण ५० अंश. त्यानंतर टायमिंग. केवळ सेंट्रिफ्यूगल अॅडव्हान्स असलेला, म्हणजे फेऱ्यांप्रमाणेच ठिणगी लवकर देणारा ००९ डिस्ट्रिब्युटर असेल, तर आयडलला नव्हे, पूर्ण अॅडव्हान्सला बघा: सुमारे ३,००० ते ३,५०० फेऱ्यांना २८ ते ३२ अंश. प्लग, केबल आणि रोटर चांगले आहेत याची खात्री करा.

शेवटी बाहेरून हवा घेतली जात नाही ना ते बघा. मॅनिफोल्ड आणि हेडमधली गॅस्केट, मॅनिफोल्ड आणि कार्बमधली गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी, उघडी राहिलेली व्हॅक्यूमची तोटी, आणि जुन्या कार्बमध्ये झिजलेला थ्रॉटलचा शाफ्ट. शाफ्ट बोटांनी वर-खाली हलवून पाहा. स्पष्ट हलत असेल तर बुश बदलल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण तिथून शिरणारी हवा प्रत्येक वेळी वेगळी असते आणि वेगळ्या गोष्टीचं सेटिंग होत नाही.

हत्यारं कोणती लागतात?

हवेचा प्रवाह मोजणारा सिंक्रोमीटर, फेरे दाखवणारा टॅकोमीटर, टायमिंग लाइट, चांगलं पातं असलेला स्क्रू ड्रायव्हर आणि लिंकेजच्या नटांना लागणारे छोटे पाने. सिंक्रोमीटरवर ताशी किलोग्रॅममध्ये आकडे असतात, पण त्या आकड्याच्या खरेपणाला फार महत्त्व नाही. तो सगळ्या बॅरलवर सारखा यायला हवा, एवढंच. मीटर बॅरलच्या तोंडावर घट्ट बसला पाहिजे. कडेने हवा गेली की रीडिंग खोटं.

मीटर नसेल तर रबराची नळी एका कानाला आणि दुसरं टोक बॅरलच्या तोंडाशी, अशी जुनी पद्धत आहे. कान तयार असलेले लोक तिच्यावर बरंच जवळ पोचतात. तरी माझं मत स्पष्ट आहे: मीटर घ्या. चार बॅरलमधला बारीक फरक कानाला कळत नाही.

आणि अग्निशामक हाताशी ठेवा, डिकीत नव्हे. इंजिनाच्या खोलीत उघडं पेट्रोल, गरम एक्झॉस्ट आणि डिस्ट्रिब्युटरची ठिणगी एकाच जागी असतात. पेट्रोलच्या नळ्या कडक, भेगाळलेल्या किंवा फुगलेल्या असतील तर आधी त्या बदला, आणि पेट्रोलात इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते सोसणाऱ्या जातीच्याच घ्या. प्रत्येक जोडाला क्लिप हवी. कार्बमध्ये ठोकून बसवलेली पितळी तोटी हाताने फिरत असेल तर ती एक दिवस निघून येईल. तशी गाडी चालवू नका.

इंजिन गरमच का हवं? थंड असताना शांतपणे केलं तर?

नाही चालणार, आणि याचं कारण नीट समजून घ्या, कारण सिंक का टिकत नाही याचंही उत्तर त्यातच आहे.

हे इंजिन तापलं की रुंद होतं. क्रँककेस मॅग्नेशियम किंवा अॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचे, हेड अॅल्युमिनियमचं. सगळे फुगतात आणि दोन्ही हेड एकमेकांपासून दूर सरकतात. अर्धा मीटर धातू ८० अंशांनी तापला तर बिडाचा साधारण अर्धा मिलिमीटर आणि अॅल्युमिनियमचा जवळजवळ एक मिलिमीटर वाढतो. ऐकायला हे किरकोळ आहे. पण आयडलला थ्रॉटलची चकती मिलिमीटरच्या अंशाइतकीच उघडी असते. त्या मापात हा फरक प्रचंड आहे.

आता लिंकेज बघा. मधल्या कप्पीवरून दोन्ही बाजूंना आडवे रॉड जाऊन कार्ब ओढत असतील, तर कार्ब दूर सरकले की रॉड जणू आखूड होतात आणि थ्रॉटल आपोआप उघडतात. थंड असताना लावलेलं ९०० चं आयडल गरम झाल्यावर १,४०० वर जातं. दोन कार्बच्या मध्ये षटकोनी दांडी आणि तिच्यावरून खाली येणारे उभे रॉड अशी रचना असेल, तर रॉड थोडे तिरके होतात आणि त्यांची उभी लांबी किंचित बदलते. दोन्ही रॉड सारख्या लांबीचे आणि समोरून पाहता सरळ उभे असतील तर दोन्ही बाजूंना बदल सारखा होतो, सिंक शाबूत राहतं. एक सरळ आणि एक तिरका असेल तर गरम-थंड प्रत्येक वेळी सिंक हलतं. लोक वर्षानुवर्षं स्क्रू फिरवत राहतात, आणि दोष असतो एका तिरक्या रॉडचा.

म्हणून गाडी किमान पंधरा-वीस मिनिटं रस्त्यावर चालवून आणा. जागेवर उभी ठेवून तापवलेलं इंजिन पुरेसं होत नाही.

स्क्रू इतके आहेत. कोणता कशाचा?

वेबर आयडीएफवर तीन प्रकारचे. थ्रॉटलच्या दांडीला टेकणारा स्पीड स्क्रू प्रत्येक कार्बला एक. तो त्या कार्बच्या दोन्ही चकत्या एकदम उघडतो. मिक्श्चर स्क्रू प्रत्येक बॅरलला एक; आत घेतला की पेट्रोल कमी, बाहेर काढला की जास्त. आणि लॉकनट असलेला हवेचा बायपास स्क्रू, तोही प्रत्येक बॅरलला एक. एकाच शाफ्टवरच्या दोन चकत्या शाफ्टला किंचित पीळ असल्यामुळे तंतोतंत जुळत नाहीत, त्यातला कमजोर बॅरल दुसऱ्याच्या बरोबरीला आणायचा हाच त्याचा उपयोग. आयडल वाढवायला त्याला कधीही हात लावू नका.

प्रत्यक्ष काम कसं करायचं?

एअर फिल्टर काढा आणि लिंकेजचा रॉड निदान एका बाजूने सोडवा. दोन्ही कार्ब एकमेकांपासून स्वतंत्र झाले पाहिजेत. हा टप्पा वगळून केलेलं सिंक म्हणजे एका कार्बने दुसऱ्याला धरून ठेवलेलं असताना घेतलेलं माप.

इंजिन बंद ठेवून दोन्ही स्पीड स्क्रू मागे घ्या, चकत्या पूर्ण बंद होऊ द्या. मग स्क्रू दांडीला जेमतेम टेकेल एवढा आत घ्या आणि तिथून अर्धा फेरा. बायपास स्क्रू चारही हलकेच बंद. मिक्श्चर स्क्रू बोटांच्या जोरानेच आत टेकवा आणि प्रत्येकी दीड फेरा बाहेर काढा. इथे जोर लावलात तर स्क्रूचं टोक त्याच्या बैठकीत रुतून दोन्ही खराब होतात, मग तो बॅरल कधीच नीट लागत नाही.

इंजिन सुरू करा. चालत राहत नसेल तर दोन्ही स्पीड स्क्रू सारखेच थोडे आत घ्या. आता चारही बॅरलवर मीटर धरून आकडे लिहून काढा. प्रत्येक कार्बमधला जास्त ओढणारा बॅरल निवडा आणि हे दोन बॅरल स्पीड स्क्रूने एकमेकांशी जुळवा. एका बाजूला वाढवलं तर फेरे वाढतात आणि दुसऱ्या बाजूचा आकडाही बदलतो, त्यामुळे दोन्हीकडे आलटून पालटून जावं लागतं. ते जुळले की कमी ओढणाऱ्या बॅरलचा बायपास हळूहळू उघडून त्याला जोडीदाराच्या बरोबरीला आणा. जास्त ओढणाऱ्याचा बायपास बंदच राहतो.

हवा जुळली. आता मिक्श्चर. एका बॅरलचा स्क्रू पाव-पाव फेरा आत घेत जा. इंजिनाचे फेरे पडू लागले की थांबा. मग बाहेर काढत जा. फेरे चढतील, एका जागी स्थिरावतील. इंजिन सर्वांत वेगात आणि सर्वांत गुळगुळीत चालतं ती जागा धरा. प्रत्येक हालचालीनंतर काही सेकंद थांबा, इंजिनाला उत्तर द्यायला वेळ लागतो. चारही बॅरल झाले की आयडल वाढलेलं असेल. दोन्ही स्पीड स्क्रू सारखेच मागे घेऊन ते ८५० ते ९५० वर आणा, हवा पुन्हा मोजा आणि मिक्श्चरची दुसरी फेरी करा. दुसऱ्या फेरीत स्क्रू फारसे हलत नसतील तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात.

या इंजिनाला एक वाईट सवय आहे. बराच वेळ जागेवर उभं राहून चाललं की इनटेक मॅनिफोल्ड तापतात आणि रीडिंग सरकू लागतं. मधे इंजिन बंद करून किंवा गाडी छोटी चक्कर मारून आणून पुढचं काम करा.

आयडलला सगळं जुळतं, रेस दिली की बिघडतं.

दोष लिंकेजचा. रॉड परत जोडताना तो बॉलवर अलगद बसला पाहिजे, थ्रॉटल तसूभरही न हलवता. रॉडला एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे तो जागेवरच फिरवून लांबी बदलता येते. जोडून झाल्यावर फेरे १,५०० ते २,००० वर धरा आणि दोन्ही बाजूंना मीटर लावा. फरक आला तर फक्त रॉडची लांबी बदला, स्पीड स्क्रूला हात नाही. मीटर एका फेऱ्यांना सारखं आणि दुसऱ्या फेऱ्यांना वेगळं दाखवत असेल तर दोन्हीकडच्या दांड्यांचे कोन वेगळे आहेत. आधी ते सारखे करा.

शेवटी इंजिन बंद करून कोणाला तरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि दोन्ही कार्बमध्ये डोकावा. चकत्या पूर्ण उभ्या झाल्या पाहिजेत. अर्ध्यावर अडकलेल्या थ्रॉटलने गाडी चालवून ‘ताकद नाही’ म्हणणारे कमी नाहीत.

मिक्श्चर स्क्रू फिरवूनही काहीच फरक पडत नाही. असं का?

दोनच मोठी कारणं. एक, आयडल जेट (आयडलचं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) तुंबलेला. दोन, थ्रॉटल जास्त उघडा. चकतीच्या कडेजवळ प्रोग्रेशनची, म्हणजे थ्रॉटल थोडा उघडल्यावर पेट्रोल देणारी बारीक छिद्रं असतात. स्पीड स्क्रू टेकल्यानंतर एक फेऱ्याहून जास्त आत गेला असेल तर ती छिद्रं आयडललाच उघडी पडतात, पेट्रोल तिथून येऊ लागतं आणि मिक्श्चर स्क्रूच्या हातात काही उरत नाही. मग ‘आयडल राहत नाही म्हणून स्क्रू आत घेतला’ याचं मूळ शोधा: टायमिंग मागे आहे, कुठूनतरी हवा शिरते आहे किंवा आयडल जेट लहान आहे. मिक्श्चर स्क्रू दोन-अडीच फेऱ्यांपलीकडे उघडल्यावरच बरं वाटत असेल तर जेट एक नंबर मोठा हवा. पाऊण फेऱ्याच्या आतच बरं वाटत असेल तर लहान.

काल ठीक होती, आज एका सिलिंडरवर मिसिंग मारते.

आयडल जेट काढा, उजेडाकडे धरून बघा, हवेने फुंका. ५५ नंबरचा जेट म्हणजे ०.५५ मिमीचं छिद्र. केसाएवढी घाणही त्याला पुरते. तार खुपसू नका, भोक मोठं होतं. वारंवार होत असेल तर पेट्रोल फिल्टर बदला, टाकीतला गंज बघा, आणि जेटच्या होल्डरचं रबर तपासा. ते सुकलं की तिथूनही धूळ आत जाते.

हळू रेस देताना २,००० ते ३,००० च्या मध्ये गाडी अडखळते.

ही आयडल जेटकडून मेन जेटकडे जाण्याची वेळ असते. अडखळताना कार्बमधून उलटी शिंक येत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. आयडल जेट एक पायरी मोठा लावून बघा. ‘आयडल’ या नावाने फसू नका, सावकाश चालवताना गाडी बहुतेक वेळ याच जेटवर असते. एकदम पेडल दाबल्यावरच अडखळत असेल तर प्रवेगक पंपाकडे बघा: पेडल हलल्याबरोबर चारही बॅरलमध्ये पेट्रोलची सरळ धार दिसली पाहिजे. ००९ डिस्ट्रिब्युटरवर व्हॅक्यूम अॅडव्हान्स नसल्यामुळे हा खड्डा आणखी जाणवतो, आणि तो डिस्ट्रिब्युटर बदलल्यावर अर्धी तक्रार जाते.

पेडल सोडलं की सायलेन्सरमध्ये फटफट होते.

आधी एक्झॉस्टचे जोड बघा. गळक्या जोडातून हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये पेटतं. जोड पक्के असतील तर आयडलचं मिश्रण पातळ, म्हणजे कमी पेट्रोलचं आहे.

फ्लोट आणि पेट्रोलचा दाब यांचा सिंकशी काय संबंध?

थेट संबंध नाही, पण दोन्ही कार्बमध्ये पेट्रोलची पातळी वेगळी असेल तर तेच जेट दोन्हीकडे वेगळं वागतात. म्हणून नवे कोरे कार्बसुद्धा उघडून फ्लोट, म्हणजे ही पातळी राखणारा तरंगता भाग, मोजा. वेबरला ३ पीएसआयच्या आसपास दाब पुरतो. त्याहून बराच जास्त असेल तर नीडल व्हॉल्व्ह बंद राहत नाही, कार्ब ओव्हरफ्लो होतो आणि पेट्रोल सिलिंडरमधून तेलात उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू करू नका, आधी तेल बदला.

माझे कार्ब एक बॅरलचे आहेत. हेच सगळं लागू?

तत्त्व तेच, काम सोपं. बायपासने बॅरल जुळवण्याचा प्रश्न नाही. दोन आकडे जुळले की झालं. पण आयडल चार बॅरलइतकं गुळगुळीत होईल अशी अपेक्षा ठेवू नका. ठिणगीचा क्रम १-४-३-२ आहे. १ आणि २ उजव्या हेडवर, ३ आणि ४ डाव्या. म्हणजे एका बाजूचे दोन सिलिंडर लागोपाठ ओढतात आणि मग ती बाजू गप्प बसते. मीटरची सुईही त्यामुळे थरथरते. दोन मॅनिफोल्ड जोडणारी बॅलन्स नळी हेच धक्के कमी करण्यासाठी असते, ती असेल तर काढू नका, आणि गळत नाही ना ते बघा. टाइप २ वरच्या ३४ पीडीएसआयटीला मात्र दोन्ही बाजूंना मिळून एकच मध्यवर्ती आयडल व्यवस्था आहे. तिथे आयडलचा वेग दोन वेगळ्या स्पीड स्क्रूंनी लावायला जाऊ नका, कंपनीच्या पुस्तकातला क्रम पाळा.

प्लगचा रंग बघून मिक्श्चर ठरवावं का?

अंदाजापुरतं. आजच्या पेट्रोलवर प्लग पूर्वीसारखा स्पष्ट तपकिरी रंग धरत नाही. शक्य असेल तर एक्झॉस्टमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर बसवा. आयडलला १३ ते १३.५ च्या आसपास प्रमाण असेल तर ही इंजिनं खूश असतात. एकाच बाजूला सेन्सर असेल तर तो त्याच बाजूचं सांगतो, हे विसरू नका.

सिंक किती दिवसांनी पुन्हा करायचं?

टॅपेट लावाल तेव्हा मीटर धरून बघा. लिंकेजचे जोड झिजलेले नसतील आणि लॉकनट घट्ट असतील तर सेटिंग सहसा हलत नाही. दर महिन्याला हलत असेल तर स्क्रू नव्हे, झिजलेला बॉल-जॉइंट, वाकलेली दांडी किंवा थकलेली रिटर्न स्प्रिंग शोधा.

गाडी उंच डोंगराळ भागात नेली तर सगळं परत लावायचं का?

सिंक नाही. हवा दोन्ही बाजूंना सारखीच विरळ होते. मिश्रण मात्र जाड, म्हणजे जास्त पेट्रोलचं होतं. थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी मिक्श्चर स्क्रू चारही सारखेच पाव फेरा आत घेतले तर आयडल सुधारतं. तिथेच राहायचं असेल तर मेन जेट लहान करावे लागतील.